बाबांची ८००: हाफ इंजिन करावं की नवी घ्यावी?

कृष्णाकाठ

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय.

बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून मे २०११ मध्ये मारुती ८०० घेतली. बीएस-४ च्या प्रदूषण नियमामुळे पुण्यात आणि सोलापुरात २०१० पासूनच ८०० ची विक्री बंद झाली होती, सांगलीत मात्र मिळत होती. त्यामुळे पुण्याच्या आतेभावाला आयुष्यात एकदाच आमचा हेवा वाटला. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. गाडी ७१ हजार किलोमीटर चालली आहे. मी आठवड्यातून दोनदा विट्याला कामाला नेतो, बाकी बाजारहाट.

दिवाळीत गणपतीपुळ्याहून परतताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढायला लागलो आणि तापमानाचा काटा लालपर्यंत गेला. दोनदा थांबून, बॉनेट उघडं टाकून, पोरांना बिस्किटं चारत कसेबसे वर आलो. गंमत म्हणजे सपाटीला काटा जेमतेम हलतो. अ‍ॅव्हरेज १८ वरून १२-१३ वर आलंय. गॅरेजवाल्याने प्लग काढून दाखवले, काळेकुट्ट. म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे इंजिन उघडून त्या बदलायच्या."

त्याचा अंदाज असा: हाफ इंजिन २८ हजार, पुढचं सस्पेन्शन ९ हजार, क्लच साडेसहा, चार टायर १२ हजार. झाले साडेपंचावन्न. शिवाय मे महिन्यात १५ वर्षं पूर्ण होतात, म्हणजे आरटीओचं पासिंग आलंच. जुन्या गाड्यांचा डीलर आहे तशी ४५ हजाराला मागतोय. बायको म्हणते, दे आणि नवी बुक कर. माझं मन होत नाही. काय करावं?

वरणभात

विका. पुढचा प्रश्न?

तिरकस

पंचेचाळीसच्या गाडीत साडेपंचावन्न घालायचे. आमच्या सासरेबुवांनी दुकान याच हिशेबाने चालवलं. आता तिथे मोबाइल रिपेअरिंग आहे.

उद्यमनगरी

तिरकसराव, हिशेब चुकला तुमचा. ४५ ही डीलरला पडणारी किंमत झाली. तुम्हाला पडणारी किंमत वेगळी. हे ४५ हजार घेऊन बाजारात जावा आणि एका हाताची, ७१ हजार चाललेली, मालक कोण आणि पाणी कुठलं घातलं ते माहीत असलेली गाडी आणून दाखवा. मिळत न्हाई भावा.

आता मूळ मुद्दा. रिंगा गेल्या म्हणतोय, तर ऑइल जळल्याचा निळा धूर कुठाय? सकाळी पहिल्या स्टार्टला मारती का? ऑइल कमी होतंय का? कॉम्प्रेशन, म्हंजे सिलिंडरमधला दाब, बघितलं का गेज लावून? ह्यातलं काही न करता २८ हजार सांगितलं असंल तर त्याला चहा पाजा आणि गाडी घेऊन निघा. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर अख्खी इंजिनं नव्यानं उभी राहतात. बोअर करा, स्लीव्ह टाका, हेड फेसिंग करा, सगळं होतं. पण इथला जुना कारागीर मोजल्याशिवाय पाना हातात घेत न्हाई.

मंजिरी_क

सगळे पैशांचंच बोलताय म्हणून लिहिते. मी अपघात विभागात परिचारिका आहे. ८०० ही साधारण साडेसहाशे किलोची गाडी. एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती कुणाच्या हौसेखातर केलेली नाही. तुम्ही "पोरांना बिस्किटं चारत" लिहिलंय. पोरं मागच्या सीटवर असतात ना? मग इंजिनाआधी तिकडे बघा.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नवी घ्यायला वेळ वाईट नाही.

तिरकस

ताईंच्या प्रतिसादावर विनोद सुचत नाहीये. +१.

उद्यमनगरी

ताई, मान्य. पण ह्यो माणूस विट्याला जातोय, ४०-५० च्या स्पीडनं. वापर बघून ठरवूया की.

मंजिरी_क

दादा, समोरून येणारा टेम्पो तुमचा वापर बघून येत नाही.

म्युनिकचा_मावळा

इथली गोष्ट सांगतो. जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडी ट्युफच्या तपासणीला न्यावी लागते. माणूस खालून टॉर्च मारतो, बॉल जॉइंट हलवून बघतो, ब्रेक रोलरवर चढवतो. नापास झाली की दुरुस्त करून परत आणा. वय कुणी विचारत नाही, अवस्था विचारतात. ३० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात जपलेली असेल तर नंबर प्लेटवर एच हे अक्षर मिळतं आणि कर वर्षाला सरसकट १९१ युरो.

पण मेकॅनिकची तासाची मजुरी इथे अशी आहे की जुनी गाडी भावनेने नाही, स्वतःच्या हाताने टिकवावी लागते. मी माझ्या १९ वर्षं जुन्या गाडीचे ब्रेक पॅड बिल्डिंगखाली स्वतः बदलले, तेव्हा शेजारच्या आजी वरून बघत होत्या. त्यांना वाटलं मी चाकं चोरतोय.

भारतात हात स्वस्त आहेत. तो फायदा सोडू नका.

निवृत्त_फिटर

"हात स्वस्त" हा शब्द खटकला, पण असो. मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली आहेत.

कृष्णाकाठ, तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात आणि कुणी पकडलं नाही. "सपाटीला काटा जेमतेम हलतो." इंजिन घाटात तापतं आणि सपाटीला गारच राहतं. रिंगा गेल्याचं हे लक्षण नव्हे. मला शंका आहे की तुमच्या गाडीत थर्मोस्टॅटच नाही.

आपल्याकडे ही जुनी खोड आहे. गाडी एकदा तापली की मेस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो. "आपल्या हवेत लागत नाही साहेब, हे परदेशासाठी." थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटा व्हॉल्व्ह, आत मेणाची गोळी. इंजिन गार असताना बंद राहतो, पाणी इंजिनातच फिरतं. साधारण ८०-८२ अंशाला मेण फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन सपाटीला कधी नीट तापतच नाही. तुमची गाडी इंजेक्शनवाली आहे. सेन्सर सांगतो इंजिन गार आहे, संगणक पेट्रोल जास्त सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज गेलं, प्लग काळे झाले. सगळं जुळतं की नाही?

मग घाटात का तापली? कारण मूळ दुखणं तसंच आहे. बहुतेक रेडिएटर चोंदलाय. कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातलं असेल तर आत क्षाराचा थर धरतो, चहाच्या जुन्या पातेल्याला धरतो तसा. किंवा पंख्याचा स्विच गेला असेल.

एक घरगुती परीक्षा. प्लगवरची काजळी बोटाने पुसा. कोरडी, बुक्क्यासारखी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय. ओली, तेलकट, चमकणारी असेल तर रिंगांचा विचार करू.

कृष्णाकाठ

फिटरकाका, आत्ता खाली जाऊन आलो. बोट कोरडं काळं झालं. तेलकट अजिबात नाही. निळा धूर मी कधीच पाहिलेला नाही. ऑइल दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरून घालावं लागत नाही.

उद्यमनगरी

बघा!! काका, पाया पडतो.

मालवणी_खाजा

माका इचारशात तर पयलो पत्रो बघा.

(शुद्ध मराठीत:) आमच्या देवगडात इंजिन उत्तम आणि गाडी भंगारात, अशा कितीतरी केसेस आहेत. खारी हवा. माझ्या काकांच्या गाडीचं इंजिन लाखभर किलोमीटरनंतरही घड्याळासारखं चालायचं, आणि एक दिवस जॅक लावला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक आत गेला. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. मोनोकॉक गाडीत पत्राच चॅसिसचं काम करतो. तो गेला की संपलं.

सांगलीत खारी हवा नाही, पण कृष्णेचा पूर आहे. २०१९ ला गाडी पाण्यात होती का? पायाखालची चटई उचला, तिच्याखालचं जाड फेल्टही उचला. दाराखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज यायला हवा. भद्द आवाज आला की रंगाखाली पुट्टी आहे.

फॉर्म२५

आयडीवरून कळलंच असेल, मी कागदपत्रांवर बोलणार.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर वेळी ५ वर्षांचं नूतनीकरण. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. गाडी दाखवावी लागते. कारचं शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं. उशीर केलात तर कारला महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या कारला १०,००० आहे, म्हणजे तुमची पुढची खेप महाग. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण कर. मी २०२१ मध्ये पेट्रोल गाडीसाठी ५ वर्षांचे ३,००० भरले होते, आत्ताचा आकडा ऑनलाइन बघून घ्या.

नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली का? एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते. कारला ७४५ अधिक जीएसटी.

आणि हो, "१५ वर्षं झाली की गाडी भंगारात" हा दिल्लीकडचा नियम लोक इथे सांगत फिरतात. तो राजधानी परिसरापुरता होता. आपल्याकडे गाडी तपासणीत बसली की चालते. डीलर मात्र हीच भीती घालून भाव पाडतात.

वरणभात

माझी गाडी मी याच भीतीने ३० हजाराला दिली. आता गप्प बसतो.

तिरकस

"विका. पुढचा प्रश्न?" :))

गिरगावकर

विषय निघालाच आहे तर. आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) झाकणात दमट हवा गेली की चालूच व्हायची नाही. मग आजोबा ते झाकण काढून घरात आणायचे, आजी तव्याच्या उबेला धरायची, पुसून परत लावायचं आणि गाडी सुरू. आजीला गाडी चालवता येत नव्हती, पण ती नसती तर गाडी चालली नसती.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ ची नोंदणी होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी मी उगाच ताडदेवपर्यंत चालत गेलो होतो.

सुटे भाग लागले तर ऑपेरा हाऊसची दुकानं किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. पुणेकरांना नाना पेठ. ८०० चे भाग तर अजून गल्लीबोळात मिळतात.

सोलापुरी_चादर

आमच्याकडे ८०० बंद झाली ते धागाकर्त्याने लक्षात ठेवलं, बरं वाटलं.

कुणी ई-२० बद्दल का बोलत नाही? २०११ ची गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेली नाही. रबरी नळ्या फुगतात, चिरा पडतात. माझ्या जुन्या झेनची पेट्रोलची नळी बोटाने दाबली तर गाजरासारखी मोडली.

उद्यमनगरी

इथेनॉलला नावं ठेवायची न्हाईत. ऊस आमचा हाय.

सोलापुरी_चादर

ऊस तुमचा, नळी माझी.

निवृत्त_फिटर

भांडू नका. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. पण १८ चं १२ होणार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं. महिनोन् महिने उभ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नका. आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या वयाने बदला, किलोमीटरने नाही. काही शे रुपयांचं काम आहे. तेच टायमिंग बेल्टचं. ७१ हजार झालेत म्हणून बेल्ट तरुण नाही, तो १५ वर्षांचा आहे.

टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. तेही बघून सांगा.

पर्यावरणी

बीएस-३ गाडी आणखी पाच वर्षं चालवणं म्हणजे धूर इतरांच्या फुफ्फुसात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आहे. कुणाला काही वाटत नाही?

म्युनिकचा_मावळा

वाटतं. पण नवी गाडी आकाशातून पडत नाही. तिचं पोलाद, काच, प्लास्टिक बनवायलाही धूर निघतोच. रोज ६० किलोमीटर चालवणारा असेल तर तुमचं बरोबर. आठवड्यातून दोनदा विटा असेल तर मी जुनीच ठीक ठेवीन. मात्र थर्मोस्टॅटशिवाय कच्चं पेट्रोल ओकणारी नाही.

कृष्णाकाठ

मंडळी, उशिराने येतोय, क्षमस्व. पण बरंच घडलंय.

फिटरकाकांचा प्रतिसाद वाचून डॅशबोर्डचा कप्पा उपसला. बाबा प्राथमिक शिक्षक. प्रत्येक गोष्टीची वही. गाडीचीही होती, शंभर पानी, कडेला लाल रेघ मारलेली. तारीख, किलोमीटर, काम, रुपये. १४ एप्रिल २०१७ च्या ओळीत लिहिलंय: "गाडी तापली. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढला. गरज नसते म्हणाले. रु. १५०." पुढे कंसात, पेन्सिलने: "(मग कंपनीने का बसवला?)"

विचारलं कुणाला नसावं. बाबांचा स्वभाव तसा होता, शंका वहीत आणि पैसे मिस्त्रीला.

त्यानंतरच्या ओळी वाचल्या तर अ‍ॅव्हरेज सरळ पायऱ्या उतरल्यासारखं आहे. १८, १७, १५.५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये "गाडी मिरजेला मामांकडे चढावर ठेवली" असं आहे, म्हणजे पुरात नव्हती.

दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली. आधी गेज लावून कॉम्प्रेशन मोजून घेतलं: १६५, १६०, १६५. तिन्ही सिलिंडर ठणठणीत. रेडिएटर काढला तर खालून पिवळट चिखल आला. तो बदलला, थर्मोस्टॅट बसवला, पंख्याचा स्विच, कूलंट, तीन प्लग. मजुरीसकट ५,७६०. क्लचची नुसती केबल आवळली. सस्पेन्शनमध्ये लोअर आर्मचे बुश आणि एक बॉल जॉइंट, ३,२००. काल विट्याला जाऊन आलो, काटा मध्यावर येऊन थांबला तो हललाच नाही. मी रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघत होतो.

टायरवर १२१५. बदलतोय.

तिरकस

२८ हजाराच्या कामाचे ५,७६०. पहिल्या गॅरेजवाल्याला धाग्याची लिंक पाठवा.

उद्यमनगरी

नको. आईनं शिव्या देऊ नका सांगितलंय म्हणून मी बी गप हाय.

मालवणी_खाजा

सगळं छान. चटई उचललात?

कृष्णाकाठ

हाच प्रश्न येणार हे माहीत होतं.

उचलली. चालकाच्या बाजूचं फेल्ट पिळलं तर पाणी निघालं. त्याखाली, क्लचच्या पायाशी, तळहाताएवढा पत्रा बिस्किटासारखा झालाय. बोट घातलं तर आरपार गेलं आणि खालची फरशी दिसली. समोरच्या काचेचं रबर कोपऱ्यात कडक झालंय, पावसाचं पाणी तिथून येत होतं. सहा वर्षं पाय त्यावरच ठेवून चालवतोय मी.

डीलरने ही चटई उचलली नव्हती, नाहीतर ४५ पण म्हणाला नसता.

मालवणी_खाजा

एकाच ठिकाणी असेल आणि दाराखालची पट्टी टणक असेल तर घाबरू नका. कुजलेला भाग पूर्ण कापायचा, नवा पत्रा वेल्डिंगने बसवायचा, मग प्रायमर, सीलंट आणि खालून अंडरबॉडी कोटिंग. कुजक्यावर नुसता तुकडा चिकटवून देणारे असतात, त्यांना हाकला. आणि काचेचं रबर आधी! नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हाच धागा.

मंजिरी_क

वेल्डिंग झाल्यावर सीटबेल्टही बघा. पूर्ण बाहेर ओढून, शेवटपर्यंत. कडेने सुटलेला असेल तर बदला. माझं मत बदललेलं नाही, पण निदान तेवढं करा.

कृष्णाकाठ

ताई, बेल्ट बघितले. चालकाचा कडेने उसवला होता, पुढचे दोन्ही बदलले. पत्र्याचं काम रबरासकट ११ हजारांत ठरलंय, कापून बसवणार आहे, तुकडा चिकटवणार नाही. टायर धरून सगळं मिळून ३२ हजाराच्या आत. बेल्ट आणि पासिंगचा खर्च वेगळा. फॉर्म२५, तुम्ही सांगितलेला अर्ज मी एजंटशिवायच करणार आहे.

घरी तह झालाय. बायकोने मंजिरीताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. गाडी विटा आणि बाजारहाटापुरती. पोरांना घेऊन हायवेला आणि घाटात जायचं असेल तर भाड्याची गाडी. दोन वर्षांनी नवी, आणि ती कुठली ते बायको ठरवणार. वहीत तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, तारखेसकट.

वरणभात

म्हणजे शेवटी नवी घेणारच. मी पहिल्याच प्रतिसादात...

तिरकस

तुम्ही गप्प बसणार होतात.

निवृत्त_फिटर

कृष्णाकाठ, पत्र्यासाठी डॅशखालचं उघडणारच असाल तर हीटरच्या दोन नळ्याही बदलून घ्या. इंजिनाच्या मागे, आतल्या भिंतीत शिरतात तिथे. बाकी सगळे होज बदलतात, या दोन कुणाला आठवत नाहीत.